मुंबईत एक दिवस, आठ माणसं आणि सोमवार: काय पाहावं, काय सोडावं?

मनू_सांगलीकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीहून आमचा आठ जणांचा गोतावळा मुंबईत येतोय. मुक्काम ठाण्याला नौपाड्यात, फिरायला सोमवारचा एकच सबंध दिवस. माणसं अशी: आजोबा ७४, आजी ६९ (गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात, जिने नकोत), चौघं मधल्या वयाचे, आणि दोन मुलं, ११ आणि ७ वर्षांची. आजोबांना इतिहास आणि जुनी नाणी, थोरलीला चित्रं काढायचं वेड, धाकट्याला प्राणी आणि तलवारी.

कच्चा आराखडा: सकाळी ७:३० ची लोकल, ९ ची घारापुरीची लाँच, दुपारी २ ला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, ४ ला राणीचा बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, ६ ला मरीन ड्राइव्ह, ८ ला परत.

हे जमेल का? नसेल तर काय गाळू? जेवणाचं कुठे बघू? माहीतगारांनी सांगावं.

पायवाट
आराखडा पहिल्याच टप्प्यावर अडतोय. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवर लाँचवाले "चला, बेट बघा" म्हणतील, पण तासभर बोटीत बसून, धक्का चालून, सुमारे १२० पायऱ्या चढून बंद फाटक बघायचं. आजींना तर अजिबात नको.

सोमवारी बंद: घारापुरी, रीगलच्या चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय, वरळीचं नेहरू तारांगण.
सोमवारी चालू: छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय (१०:१५ ते ६), जहांगीर कलादालन (११ ते ७), गावदेवीचं मणिभवन, राणीचा बाग आणि भाऊ दाजी लाड.
बुधवारी उलटं: राणीचा बाग आणि भाऊ दाजी लाड दोन्ही बंद.

सरकारी सुट्टी मध्ये आली की हे सगळं इकडचं तिकडे होतं, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

रेल्वेरूळ
लोकलचं सांगतो. सोमवारी सकाळी ८ ते १०:३० ठाण्याहून मुंबईच्या दिशेने दोन मुलं आणि दोन ज्येष्ठ घेऊन चढायचा विचारही करू नका. चढाल एक वेळ, पण हव्या त्या स्टेशनवर उतरता येईलच असं नाही. एक तर ७ च्या आत निघा, नाहीतर निवांत १०:३० नंतर. संग्रहालय १०:१५ ला उघडतं, त्यामुळे घारापुरी गळल्यावर लवकर निघायची गरज उरलेली नाही.

ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी धरा. ती फलाटावर रिकामी येते, आठही जणांना बसायला मिळतं. तासाभरात सीएसएमटी. जलद गाडी पाव तास वाचवते, पण ती कल्याण-डोंबिवलीहून भरून येते. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. परतीचं तिकीट सकाळीच काढा, संध्याकाळी सीएसएमटीच्या खिडकीवर रांग असते.

आणि मुलांना सांगा की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावरून, बोरीबंदर ते ठाणे धावली. तुम्ही उलट्या दिशेने तोच प्रवास करणार आहात, ३४ किलोमीटर.

गिरगावची_माई
मनू, यादी लांबलचक झालीय रे. आठ माणसांना प्रत्येक ठिकाणी रस्ता ओलांडायला, पाणी प्यायला, एकमेकांना शोधायला अर्धा तास जातो. पाच ठिकाणं म्हणजे अडीच तास नुसते त्यातच गेले. माझं स्पष्ट मत: एक मोठं संग्रहालय आणि त्याच्या आसपासचा दीड किलोमीटर. राणीचा बाग पुढच्या वेळी.

भायखळा_पूर्व
माईंशी अर्धा सहमत. घारापुरी गेली ते बरंच झालं. पण राणीचा बाग आडवळणाचा नाहीये, भायखळा ठाणे–सीएसएमटी वाटेवरच आहे. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की बाग दहा-बारा मिनिटं, टॅक्सीने किमान भाड्यात. काळीपिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. एका टॅक्सीत चौघं, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. रिक्षा शोधू नका, शहराच्या या भागात रिक्षा येतच नाहीत.

भाऊ दाजी लाड हे मुंबईचं सर्वांत जुनं संग्रहालय, २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १९७५ साली डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी या दोघांनी ते उभं राहावं म्हणून खटपट केली होती. आकाराने लहान आहे, ४५ मिनिटांत नीट बघून होतं. सोनेरी नक्षीचे खांब, फरशी, छत हेच अर्धं प्रदर्शन आहे. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या छोट्या बाहुल्या: निरनिराळ्या जातीजमातींचे पेहराव, पगड्यांचे प्रकार, कारागीर कामाला बसलेले. चित्रं काढणारी मुलगी तिथून हलायची नाही. पगडीची घडी न् घडी दिसते, कुठली पगडी कुठल्या बाजूला झुकते तेसुद्धा.

आसमानी
पेंग्विन विसरलात काय? सात वर्षांचं पोरगं राणीच्या बागेच्या फाटकातून आत गेल्यावर संग्रहालयाकडे वळेल का?

गिरगावची_माई
आसमानी, हेच म्हणतेय मी. पेंग्विन, मग वाघ, मग पक्ष्यांचं मोठं दालन. दोन तास कुठे गेले कळत नाही, आणि मोठ्या संग्रहालयात पोहोचायला दुपारचे अडीच वाजतात. तोवर मुलं दमलेली, आजी दमलेल्या.

दगडफूल
घारापुरी हुकली म्हणून हळहळू नका. घारापुरीचा काही भाग शहरातच आहे आणि तो सोमवारी बघता येतो.

एक, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती. पोर्तुगिजांनी बेटाला "एलिफंटा" म्हटलं ते याच हत्तीवरून. तो मूळचा बेटावर धक्क्याजवळ होता. १८१४ च्या सुमारास त्याची मान आणि डोकं कोसळलं. पुढे १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारीचा दांडा मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन बघितलं तर सांधे आजही दिसतात.

दोन, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या शिल्पदालनात घारापुरीहून आणलेली शिल्पं आहेत. लेण्यात अंधार आणि गर्दी असते, इथे चारी बाजूंनी प्रकाशात बघता येतात. केसांची वळणं, कमरपट्ट्याची नक्षी हातभर अंतरावरून दिसते.

त्रिमूर्ती मात्र बेटावरच जाऊन बघायला हवी, तिला पर्याय नाही. तेवढ्यासाठी पुन्हा कधीतरी मंगळवार ते रविवार या.

मनू_सांगलीकर
बाप रे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सर्वांचे आभार. घारापुरी काढली. मग मोठ्या संग्रहालयाला किती वेळ ठेवू? आत नेमकं काय बघायचं? बॅगा, फोटो, व्हीलचेअर यांचंही कुणी सांगा.

दगडफूल
अडीच तास ठेवा, त्यात मधली पंधरा मिनिटं बसायची. सगळं बघायचं ठरवलं तर पाच तासही कमी पडतात आणि शेवटी काहीच लक्षात राहत नाही. तुमच्या माणसांच्या आवडीप्रमाणे क्रम देतो.

बाहेर आधी पाच मिनिटं बागेत थांबा आणि इमारत बघा. ११ नोव्हेंबर १९०५ ला पायाभरणी, १९१४ ला बांधून पूर्ण, मग पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं, आणि लोकांसाठी उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडला. राखाडी दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. सांगलीकरांना विजापूर जवळचं, तेव्हा आजोबांना सांगाच.

तळमजला: सिंधू संस्कृती आणि शिल्पं. मीरपूरखासच्या स्तूपातली भाजलेल्या मातीची बुद्धमूर्ती चुकवू नका, साधारण पाचव्या शतकातली, सिंधमधून आलेली. तिथेच शेजारी हातात फूल घेतलेली उपासकाची मूर्ती आहे, तिच्यावर रंगाच्या खुणा अजून टिकून आहेत. सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख विचारून शोधा. ब्राह्मी अक्षरं इतकी ठसठशीत आहेत की थोरलीला वहीत उतरवून घेता येतील. धाकट्यासाठी तळमजल्यावरच निसर्गविज्ञान विभाग आहे, पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी, मागे त्यांच्या जंगलाचा देखावा. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९२६ मध्ये याच विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीला लागले होते.

पहिला मजला: मधल्या गोल सज्ज्यावर आल्यावर समोर लाकडी कमानी दिसतील. त्या नाशिकच्या एका वाड्यातल्या आहेत, इमारत बांधतानाच आणून बसवलेल्या. खांबावरची केळफुलं आणि वेलबुट्टी बघायला दोन मिनिटं द्या. मग लघुचित्रं आणि नाणी. लघुचित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून जगभर अशा चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवायची पद्धत आहे. आत शिरल्यावर लगेच "काही दिसत नाही" म्हणून बाहेर पडू नका. तीन-चार मिनिटांत डोळे सरावतात आणि मग एकेका केसाच्या कुंचल्याने काढलेल्या पापण्या दिसू लागतात. आजोबांचा वाचायचा चष्मा आठवणीने घ्या, लांबचा नव्हे.

दुसरा मजला: शस्त्रं, युरोपीय चित्रं, चिनी-जपानी वस्तू. धाकट्याच्या तलवारी इथे. लोक चुकतात ते असं की मुलांना आधी शस्त्रं दाखवतात. मग मुलं दुसरं काही बघायलाच तयार होत नाहीत. तलवारी शेवटी ठेवा, ओढ राहते.

पायवाट
दगडफूल यांच्या प्रतिसादाला व्यवहाराची जोड देतो.

मोठ्या बॅगा दारावरच्या काउंटरवर ठेवाव्या लागतात, पैसे-औषधं-पाणी छोट्या पिशवीत वेगळं काढून ठेवा. फोटोसाठीचा नियम आणि शुल्क तिकीट खिडकीवर लिहिलेलं असतं, फ्लॅश आणि तिवई चालत नाहीत. व्हीलचेअर आणि लिफ्ट दोन्हीबद्दल आत शिरतानाच विचारा, वर गेल्यावर शोधाशोध नको. श्राव्य मार्गदर्शक मराठीतही आहे. सगळ्यांना घेऊ नका, दोन पुरे, एक आजोबांना आणि एक ज्याला शांतपणे ऐकायची सवय आहे त्याला. मुलांसाठीच्या स्वतंत्र विभागाचे वार आणि वेळा वेगळ्या असतात, खिडकीवरच विचारून घ्या.

स्वच्छतागृह संग्रहालयातलंच वापरून बाहेर पडा. पुढच्या पट्ट्यात गेटवेपर्यंत तशी सोय मिळणं कठीण.

खादाडखाऊ
जेवणाचा मुद्दा कुणीच घेतला नाही, म्हणून आलो. कामाच्या दिवशी फोर्ट आणि काळा घोड्याला १ ते २ मध्ये आठ जणांना एकत्र टेबल मिळणं अशक्य. सगळी कचेरी तेव्हाच जेवायला बाहेर पडते. एक तर १२:१५ ला बसा, नाहीतर २:१५ ला. तुमच्या वेळेत २:१५ बसतंय.

काळा घोड्याला जहांगीरच्या समोरच्या रस्त्यावर चेतना आहे, शाकाहारी थाळी, ज्येष्ठांना बसायला निवांत. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया बेरी पुलावासाठी अवश्य, पण ते फक्त दुपारी उघडं असतं आणि काळा घोड्याहून सव्वा किलोमीटरच्या आसपास पडतं, आजींना टॅक्सी लागेल. सकाळी सीएसएमटीला उतरल्याउतरल्या भूक लागली तर समोरच आराम, वडापाव आणि पीयूष. पुरीभाजी हवी तर जवळच पंचम. संध्याकाळी चर्चगेटजवळ रुस्तमचं आइस्क्रीम: दोन वेफरच्या मध्ये जाड वडी. हातात घेतल्यावर गप्पा मारू नका, कोपरापर्यंत ओघळतं.

आसमानी
खादाडखाऊ, ब्रिटानियाला पोहोचेपर्यंत आठजणांचं एकमत व्हायला हवं ना! थाळीच बरी.

खादाडखाऊ
मान्य. आठांत दोन मुलं असली की थाळीचाच विजय होतो.

कोपरे_आणि_कमानी
आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असलं तरी ती इमारत बाहेरून बघा. मूळचं ते सर कावसजी जहांगीर सभागृह, १९११ चं, १९९६ पासून कला संग्रहालय. हे सभागृह, पलीकडची विज्ञान संस्था, समोरचं मोठं संग्रहालय आणि पुढे गेटवे, हे चारही जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाचं काम. चालत दहा-बारा मिनिटांच्या टापूत एका माणसाची चार कामं, तीही निरनिराळ्या शैलीतली. थोरलीला हे चार आकार वहीत शेजारी शेजारी काढायला सांगा: संग्रहालयाचा घुमट, सभागृहाचा दर्शनी भाग, विज्ञान संस्थेची गोलाई, गेटवेची कमान. डिसेंबरच्या दुपारी ऊन तिरकं असतं, सावल्यांमुळे कोरीवकाम उठून दिसतं.

जहांगीरबद्दल महत्त्वाचं: तिथली प्रदर्शनं बहुतेक मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात. म्हणजे तुमचा दिवस हा शेवटचा दिवस. संध्याकाळकडे चित्रकार चित्रं उतरवायला लागतात. म्हणून संग्रहालयातून निघाल्यावर लगेच जा, ५ नंतर नको. प्रवेश मोफत, आणि चित्रकार स्वतः दालनात बसलेले असतात. मुलांनी प्रश्न विचारले की मनापासून उत्तरं देतात.

वेताळटेकडी
अवांतर विचारतो, काळा घोडा म्हणतात तो घोडा कुठे आहे? चौकात आता जो दिसतो तो जुना आहे का?

भायखळा_पूर्व
नाही. चौकात आहे तो २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, काळ्या घोड्यावर बसलेला. १८७९ चा, आल्बर्ट ससून यांनी दिलेला. १९६५ मध्ये तो चौकातून हलवला. सध्या कुठे आहे? राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे. घारापुरीचा हत्ती, काळा घोडा आणि ससून यांचा घड्याळ मनोरा, सगळे एकाच आवारात. म्हणून सांगतोय, भायखळा गाळू नका.

वेताळटेकडी
धन्यवाद, हे नव्याने कळलं. मुंबईत असून कधी मागे जाऊन बघितलेलं नाही. वाचनखूण साठवतो.

रेल्वेरूळ
सीएसएमटीला उतरल्यावर वीस मिनिटं स्टेशनलाच द्या. इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, १८७८ ला काम सुरू, १८८८ ला पूर्ण, २००४ पासून जागतिक वारसा. आतला वारसा विभाग कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक वेळेतच दाखवतात, तुमच्या वेळेत तो बसणार नाही. पण बाहेरून बघण्यासारखं भरपूर आहे. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. घुमटावर हात उंचावलेली "प्रगती". भिंतींवर मोर, माकडं, पाली, पानंफुलं, त्यातलं बरंच कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. धाकट्याला प्राणी मोजायला लावा. इमारत नीट दिसते ती आवाराला लागून नव्हे, रस्त्यापलीकडून महापालिकेच्या बाजूने. रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग आहे पण त्याला जिने आहेत. आजींना घेऊन सिग्नलवरून जा, आणि हिरवा दिवा नुकताच लागलेला असेल तेव्हाच निघा, अर्ध्यात असताना बदलतो.

सीएसएमटीहून संग्रहालय सुमारे दोन किलोमीटर. बेस्टची साधी बस १० रुपये, वातानुकूलित १२, पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत. बसला वाट बघावी लागते. आठ जणांना दोन टॅक्सी सोप्या. मुलांना दुमजली बसचं आकर्षण असेल तर वातानुकूलित दुमजली बस सीएसएमटीहून मिळते, पण उघड्या गच्चीच्या जुन्या बस २०२३ पासून बंद झाल्यात, त्या शोधू नका.

गिरगावची_माई
मणिभवनाचा विचार होता का? आमच्या गिरगावाहून जवळ, शांत. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे राहायचे. पण त्यांची खोली आणि जीवनप्रसंगांचे देखावे दुसऱ्या मजल्यावर आहेत, आणि लाकडी जिने. आजींसाठी नाही सुचवणार. गुडघे ठीक असलेल्या इतर वाचकांनी जरूर जावं.

चौकस
आठ जण सगळीकडे एकत्र फिरायचंच असं का धरून चाललोय आपण? संग्रहालयात आत शिरल्यावर तीन गट करा: आजोबा-आजी आणि एक जण (तळमजला आणि नाणी, लिफ्टने), थोरली आणि एक जण (शिल्पं आणि लघुचित्रं), धाकटा आणि एक जण (प्राणी, मग तलवारी). उरलेला एक मोकळा, तो सगळ्यांना सांभाळेल. जाड भिंतींच्या आत मोबाइलला नेटवर्क कमीजास्त होतं, म्हणून "फोन करतो" यावर राहू नका. वेळ आणि जागा आधीच ठरवा: दुपारी २ वाजता बागेतल्या बाकांपाशी. ज्यांना लवकर संपेल ते बागेत बसतील. असं केलं की कुणी कुणाला "चल, चल" करत नाही.

दगडफूल
चौकस यांच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. एक भर: तळमजल्याचं शिल्पदालन सगळ्यांनी एकत्र बघा, वीस मिनिटं, आणि मग पांगा. जेवताना सगळ्यांकडे बोलायला काहीतरी सामाईक राहतं.

चौकस
बरोबर. माझ्या गटांमध्ये तेवढा बदल धरावा.

शीतल_पुणे
हाच बेत ऑगस्टमध्ये करायचा असेल तर?

पायवाट
शीतल, पावसाळ्यात संग्रहालय आधी आणि बाहेरचं नंतर ठेवा. गेटवेहून बोटी समुद्र खवळला की बंद ठेवतात, आदल्या दिवशीही सांगता येत नाही. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यापासून लांब राहा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा, साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात गाड्या वळवतात किंवा कमी करतात. आणि जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तेव्हा त्या भागात आठ जणांनी एकत्र राहणंच अवघड.

मनू_सांगलीकर
मंडळी, सगळं वाचून नवा बेत केलाय. बघा बरं:

१०:३० नंतरची ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल. ११:४० सीएसएमटी, वीस मिनिटं इमारत. १२:०५ दोन टॅक्सींनी संग्रहालय. २:३० पर्यंत आत. २:४० थाळी. ३:४५ जहांगीर. ४:१५ विटेटचा चौक, चालत गेटवे. ५:१५ टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. ७ ला परत.

भाऊ दाजी लाड यात नाही. त्याचं मनाला लागतंय, विशेषतः हत्ती आणि थोरलीच्या त्या पगड्या.

गिरगावची_माई
हा बेत चालण्यासारखा आहे. शाबास.

भायखळा_पूर्व
मनू, सकाळी ७ च्या आत निघायची तयारी असेल तरच भायखळा बसतं. तेही असं: ८ पर्यंत भायखळा, स्टेशनच जरा निरखून बघा. पहिल्या रेल्वेमार्गावरचं जुनं स्टेशन, दुरुस्तीसाठी २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालेलं. पुढे नाश्ता, आणि १० ला संग्रहालय उघडताच पहिल्या पावलाने आत. ११ ला बाहेर, बाहेरचा हत्ती बघून टॅक्सीने काळा घोडा. पेंग्विनकडे वळायचं नाही हे मुलांना घरूनच सांगून ठेवायचं. पण मध्ये नाश्त्यासह दोन तास घालवायचे आहेत आणि आजी-आजोबांचा दिवस पहाटे सुरू होणार. तुमच्या माणसांकडे बघून मी स्वतःच म्हणेन, या खेपेला नको.

चौकस
किंवा दुसऱ्या दिवशी सांगलीला निघायच्या आधी, गाडी दुपारची असेल तर मंगळवारी सकाळी फक्त भायखळा. मंगळवारी चालू असतं.

मनू_सांगलीकर
गाडी मंगळवारी रात्रीची आहे! मग मंगळवार सकाळ भायखळा पक्कं. पेंग्विनसुद्धा.

आसमानी
धाकट्याचं अभिनंदन.

रेल्वेरूळ
सोमवार संध्याकाळचा तुमचा टप्पा जरा दुरुस्त करतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहा वाजून पाचेक मिनिटांनी मावळतो. ५:१५ ला गेटवेहून निघालात तर कचेऱ्या सुटायची वेळ, टॅक्सीला पंचवीस मिनिटं धरा. ५ ला निघा. जाताना ओव्हल मैदानाकडून न्यायला सांगा: डावीकडे-उजवीकडे एका मैदानाच्या दोन बाजू, पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा (१८७८, २८० फूट), पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग. २०१८ मध्ये हा सगळा समूह जागतिक वारशात गेला. टॅक्सीतूनही दिसतं, आजींना उतरायची गरज नाही.

मरीन ड्राइव्हहून परतताना चर्चगेटहून दादरला जाऊन गाडी बदलू नका, संध्याकाळी दादरचा पूल म्हणजे माणसांचा लोंढा. चर्चगेटहून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक आणि पुढचं सीएसएमटी, दोनच स्टेशनं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण स्टेशनं खोल आहेत, खाली-वर करायला दहा मिनिटं धरा. तेवढंही नको असेल तर टॅक्सी.

सीएसएमटीला संध्याकाळी ६ ते ८:३० गर्दी असतेच, पण गाड्या तिथूनच सुटतात. फलाटावर लागलेली भरलेली गाडी सोडा, पुढची "ठाणे धीमी" निवडा. लांबचे प्रवासी तिच्यात बसत नाहीत. ती फलाटाला लागताना आठही जण एकाच दाराशी थांबू नका. मधल्या डब्याच्या दोन दारांशी चार-चार उभे राहा आणि आजी-आजोबांच्या पाठीशी प्रत्येकी एक जण ठेवा. महिलांच्या डब्यात आजी आणि थोरली वेगळ्या बसणार असतील तर उतरायचं कुठे आणि भेटायचं कुठल्या पुलाखाली हे आधी ठरवा. ठाण्याला फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला थांबलात तर चुकामूक होत नाही.

मनू_सांगलीकर
टिपून घेतलं, ५ ला गेटवे सोडायचं. एक शेवटचं: जहांगीर ३:४५ की थाळीच्या आधी?

कोपरे_आणि_कमानी
थाळीच्या नंतर. जेवल्यावर आजी-आजोबांना लगेच चालायला लावण्यापेक्षा जहांगीरमध्ये बसून चित्रं बघता येतात, आत सपाट आहे. आणि त्या तळमजल्यावरच्या दालनांपुरतंच बघा.